जोडी क्रमांक एकशे बारा

मशीनने आकडा दाखवला, तेव्हा भिंगबाईंनी सगळ्यांत आधी मशीनवरच संशय घेतला. नमुना पुन्हा लावला. आकडा तोच. मग त्यांनी रसायनाच्या बाटलीवरची तारीख पाहिली, पिपेट बदललं, आकडा आधीच ठाऊक असलेला खात्रीचा नमुना लावून मशीनचीच परीक्षा घेतली, आणि शेवटी स्वतःच्या हातावरही भरवसा न ठेवता शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

"बाई, सकाळी आरशात बघितल्यावर तुम्ही दुसऱ्या आरशात खात्री करून घेता का हो?" तो म्हणाला.

भिंगबाई हसल्या नाहीत. तिसऱ्यांदाही आकडा तोच आला.

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या या लॅबमध्ये त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. भिंगबाई हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं होतं. बाईंच्या नजरेतून काही सुटत नसे, आणि जे दिसे त्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. घरीसुद्धा त्या दूध तापवताना पातेल्याकडे असं बघत, की जणू ते मुद्दाम उतू जाणार आहे.

गेलं दीड वर्ष इस्पितळात एक अभ्यास चालू होता. प्रसूतीच्या वेळी बाईच्या दंडातून एक ट्यूब रक्त घ्यायचं आणि बाळ जन्मलं की नाळेतून दुसरी. दोन्ही ट्यूबांवर एकच क्रमांक, एकीवर 'आई', दुसरीवर 'बाळ'. रक्तातला वरचा पिवळा द्रव वेगळा काढून गोठवायचा, आणि चार महिन्यांचे नमुने साठले की सगळ्यांतलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व एकदम मोजायचं. रक्त आणि नसा घडायला हे जीवनसत्त्व लागतं, आणि बाळाला ते आईकडूनच मिळतं. एकशे अकरा जोड्या मोजून झाल्या होत्या. आईचा आकडा कमी असो की जास्त, बाळाचा बहुतेक वेळा तिच्यापेक्षा वरचाच यायचा. आईच्या अंगात कितीही चणचण असली तरी पोटातलं बाळ आपला वाटा आधी उचलून घेतं, हे भिंगबाईंना पाठ झालं होतं.

आणि आता ही एकशे बारावी जोडी. बाळ शहाण्णव, म्हणजे फारच कमी. आई दोन हजारांच्या वर, म्हणजे मशीनला मोजता येईल त्याच्याही पलीकडे. आईच्या कोठारात पोती रचलेली आणि बाळाच्या ताटात चार शितं.

"उलटंसुलटं झालंय," सहकारी म्हणाला. "ट्यूब बदलल्या असतील कुणीतरी."

कुणीतरी. भिंगबाईंनी फ्रीझरमधून त्या दोन ट्यूब काढून दिव्याखाली धरल्या. लेबलावरचं अक्षर त्यांना अनोळखी नव्हतं. एकच्या आकड्याच्या डोक्यावर बारीकशी चोच काढायची सवय अख्ख्या इस्पितळात एकाच सिस्टरला होती. ती सिस्टर म्हणजे त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाची बायको.

नणंद-भावजय एकाच घरात राहत, एकाच बसने कामावर येत. वहिनी तिसऱ्या मजल्यावर प्रसूती विभागात, भिंगबाई तळमजल्यावर. नऊ वर्षांपूर्वी वहिनींनी गडबडीत दोन बायकांच्या ट्यूबांवर एकमेकींची लेबलं लावली होती. चूक पकडली भिंगबाईंनी, आणि घरच्या माणसाची म्हणून पोटात न ठेवता त्यांनी ती वरपर्यंत कळवली. चौकशी झाली, वहिनींना ताकीद मिळाली. त्यानंतर वर्षभर त्या घरात जेवणाच्या टेबलावर फक्त मीठ इकडून तिकडे जायचं, शब्द नाही. पुढे बोलणं सुरू झालं, पण बेतास बात.

त्या संध्याकाळी जेवताना भिंगबाई वहिनींच्या हातांकडे बघत होत्या. हात थकलेले दिसतात का? नजर कमजोर झाली असेल का? चष्मा लागलाय आणि सांगत नसतील का?

"चार महिन्यांपूर्वी, महिन्याच्या पहिल्या सोमवारी," त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सकाळची ड्युटी तुमचीच होती ना?"

वहिनींचा घास हातातच राहिला. "का?"

"काही नाही. असंच."

"वन्सं, तुम्ही आजवर असंच काही विचारलंय का कधी?" वहिनी त्यांना वन्सं म्हणत, त्यात निम्मा मान असे आणि निम्मा चिमटा. "सरळ विचारा की. कुठली ट्यूब?"

"ट्यूबचं मी नावही घेतलं नाही."

"तेच तर," वहिनी म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या. भावाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावून बसला. त्याला एवढ्या वर्षांत एवढं कळलं होतं.

भिंगबाईंचा संशय आणखी बळावला. चूक नसती तर माणूस इतका चमकला असता का?

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं, ते सव्वीस वर्षांत कधी केलं नव्हतं. खरं तर ही गोष्ट अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या मॅडमच्या कानावर घालायची, आणि बोलवायचं तर त्यांनी बोलवायचं, असा नियम होता. पण भिंगबाईंनी मनाशी वेगळाच हिशेब मांडला. आई-बाळाचं ताजं रक्त आधी हाती आलं, तर चूक कुठे झाली ते पक्कं कळेल, आणि कळल्यावर काय करायचं ते बघू. वहिनींवर दुसऱ्यांदा चौकशीची वेळ येऊ नये म्हणून आपण हे करतो आहोत, असं त्या स्वतःला सांगत होत्या. त्यांचं हे म्हणणं त्यांना स्वतःलाही पुरतं पटत नव्हतं. अभ्यासाच्या कागदावरचा नंबर त्यांनी फिरवला.

फोन एका वयस्कर बाईने घेतला. बाळाची आजी.

"इस्पितळातून बोलतेय. तुमच्या सुनेला आणि बाळाला घेऊन या. त्या दोघांच्या नमुन्यांची अदलाबदल झाली असावी, तर पुन्हा—"

"अदलाबदल?" पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "कसली अदलाबदल?"

"नमुन्यांची. म्हणजे रक्ताची. काळजीचं काही नाही, पण—"

फोन बंद झाला होता.

भिंगबाई तशाच रिसीव्हर धरून बसल्या. आपण काय बोललो, ते त्यांनी मनात पुन्हा उच्चारून पाहिलं. त्यांनी परत फोन लावला. कुणी उचलला नाही.

घरी गेल्यावरही त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये आल्या आणि जी परीक्षा फोनच्या आधी करायला हवी होती, ती आता करायला बसल्या. मोठ्या माणसाच्या रक्तातल्या त्या पिवळ्या द्रवाला परक्या गटाच्या पेशी दिसल्या की तो त्यांच्या गुठळ्या करतो. नवजात बाळाच्या रक्ताला अजून आपलं-परकं कळत नसतं, त्यामुळे तिथे गुठळ्या होत नाहीत. बाळाची आई बी गटाची होती, म्हणजे ए गट तिला परका. भिंगबाईंनी दोन काचांवर ए गटाच्या पेशींचा एकेक थेंब टाकला, एकीवर 'आई' ट्यूबमधला द्रव सोडला, दुसरीवर 'बाळ' ट्यूबमधला, आणि काचा हळूहळू झुलवल्या.

'आई'च्या काचेवर दोन मिनिटांत लाल रवाळ ठिपके जमले. 'बाळा'च्या काचेवर थेंब गुळगुळीतच राहिला.

ट्यूब बदललेल्या नव्हत्या. आईची ट्यूब आईचीच होती आणि बाळाची बाळाचीच.

माणसाला अशा वेळी हायसं वाटायला हवं. भिंगबाईंच्या डोक्यात मात्र लगेच दुसरी शंका उभी राहिली. अदलाबदल नाही, मग आईच्या नावाने दुसऱ्याच कुठल्या बी गटाच्या बाईचं रक्त भरलं असेल तर? हा विचार पुरता होतो न होतो तोच वरून निरोप आला. मोठ्या मॅडमनी ताबडतोब बोलावलं होतं.

मॅडमच्या खोलीबाहेरच आवाज ऐकू येत होता. आत आजी खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, हातात पिशवी घट्ट धरून. त्यांच्यामागे बाळाचा बाप उभा होता, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा निळा गणवेश अंगात, कामावरूनच आलेला. भिंतीला टेकून एक किडकिडीत बाई बाळाला छातीशी धरून उभी होती. ही बाळाची आई, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारी. आणि टेबलाशी, हाताची घडी घालून, वहिनी.

"माझा नातू बदललाय," आजी म्हणत होत्या. "काल तुमच्याच बाईने फोनवर कबूल केलंय. मला आधीपासून वाटतच होतं. आमच्या घरातली पोरं चौथ्या महिन्यात मान उचलून घर डोक्यावर घेतात. आणि हे? ठेवलं तिथे पडून राहतं. हसत नाही, बघत नाही. कुणाचं आहे हे?"

मॅडमनी चष्म्यावरून वर पाहिलं. "फोन कुणी केला होता?"

वहिनींनी भिंगबाईंकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना समजलं होतं, आणि त्या सांगणार नव्हत्या. ते गप्प राहणं भिंगबाईंना आरोपापेक्षा जड गेलं.

"मी केला," त्या म्हणाल्या. "न विचारता केला. रक्ताच्या नमुन्यांबद्दल बोलत होते, बाळाबद्दल नाही. आणि नमुन्यांचीही अदलाबदल झालेली नाही. आज सकाळी तपासलंय मी."

"म्हणजे काल झाली होती आणि आज झालेली नाही," आजी म्हणाल्या. "वा."

बाळाचा बाप आपल्या आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, जरा ऐकून तर घे."

"तू गप्प बस. तुला लिफ्टमधलं कळतं, पोरांतलं नाही."

तेव्हा वहिनी पहिल्यांदा बोलल्या. आवाज अजिबात चढवला नाही. त्यांनी प्रसूती विभागाची वही उघडून आजींच्या पुढ्यात सरकवली. "हे बघा. त्या दिवशी वॉर्डात चार बाळं झाली. तीन मुली. आदल्या दिवशी दोन, त्याही मुलीच. दुसऱ्या दिवशी एकही नाही. मुलगा एकटा तुमचाच. आता मला सांगा आजी, बदलायचा म्हटला तरी मी कशाशी बदलू?"

आजींनी वही ओढून घेतली. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, पान उलटून मागचं पाहिलं, खाडाखोड आहे का ते पाहिलं. मग वही मिटली, पण हात वहीवरच राहिला. "बरं. मग मूल आमचं. मग त्याला झालंय काय? हिलाच विचारा." त्यांनी सुनेकडे न बघता तिच्या दिशेला मान झटकली. "हिच्या पर्समध्ये कायम गोळ्या असतात. लपवून खाते. काय ठाऊक, रडू नये म्हणून त्यालाही देत असेल झोपेचं काही."

"त्या पित्ताच्या गोळ्या आहेत," सून हळूच म्हणाली. "सहा वर्षं घेतेय. आणि पहिले दोन महिने हा हसायचा. तुम्हीच बघितलंय."

मॅडम उठल्या. त्यांनी बाळाला टेबलावरच्या दुपट्यावर ठेवायला सांगितलं. भिंगबाईंनी सव्वीस वर्षांत हजारो माणसांची रक्तं पाहिली होती, पण ज्याच्या ट्यूबवर त्या संशय घेत असत तो माणूस समोर ठेवलेला त्यांनी क्वचित पाहिला होता. बाळ गुबगुबीत दिसत होतं, पण ओल्या फडक्यासारखं पडलं होतं. मॅडमनी दोन्ही हात धरून उचललं तर डोकं मागे लोंबलं. डोळे उघडे, पण आईने चुटकी वाजवली तरी तिकडे वळेनात. बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडलेली. डाव्या हाताला मधूनच बारीक कंप सुटत होता.

शहाण्णव, भिंगबाईंच्या मनात आलं. परवापासून त्या दोन हजारांच्या मागे लागल्या होत्या, कारण तो आकडा अशक्य होता. शहाण्णव हा आकडा खरा असेल, आणि खरा असेल तर त्याचा अर्थ काय, हे त्यांनी क्षणभरही मनात आणलं नव्हतं. ही जोडी चुकीची म्हणून बाद केली असती, तर हे मूल कागदावरून निघून गेलं असतं.

"मॅडम, मला दहा मिनिटं द्या," त्या म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरल्या.

प्रसूतीच्या दिवशी प्रत्येक बाईच्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून, रंगवून ठेवलेला असे. त्या स्लाइडा सवडीने बघायच्या म्हणून कपाटातल्या खोक्यांत पडून होत्या. भिंगबाईंनी एकशे बारा क्रमांकाची स्लाइड काढून मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावला. तांबड्या पेशी नेहमीपेक्षा थोराड, काही गोल, काही अंडाकृती. आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्राला तीन-चार पाकळ्या असाव्यात तिथे सहा, सात. बी-ट्वेल्व्ह महिनोन्‌महिने कमी असलं की रक्त असं दिसतं, हे शिकाऊ पोरसुद्धा सांगेल.

आई उपाशी होती, आणि फार दिवसांपासून. पेशी तयार व्हायला वेळ लागतो, त्या एका दिवसात बदलत नाहीत. द्रवातला आकडा मात्र एका सुईने बदलतो. म्हणजे दोन हजार हा आकडा खोटा नव्हता आणि दुसऱ्या कुणाचाही नव्हता. त्या दिवशी, रक्त काढण्याच्या थोडंच आधी, कुणीतरी या बाईला बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन दिलं होतं. ते बाळापर्यंत पोचायला वेळच मिळाला नव्हता. कागदावर मात्र 'प्रसूतीपूर्वी ताकदीच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेतलं का?' यासमोर 'नाही' अशी खूण होती.

कुणी दिलं? वॉर्डात? वहिनींनी? त्यांच्या मनाने नेहमीच्या वाटेवर पाऊल टाकलंच होतं. भिंगबाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा वर गेल्या.

वहिनी खोलीबाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या.

"त्या बाईला इंजेक्शन मिळालंय, रक्त काढायच्या आधी," भिंगबाई म्हणाल्या. "तिने सांगितलेलं नाही. तिच्याकडून काढून घ्यायला हवं. तुम्ही विचारा. मी विचारलं तर ती दार लावून घेईल."

"तुम्ही विचारलं तर भिंतसुद्धा दार लावून घेईल," वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, "इंजेक्शन मी दिलं असेल, असं नाही वाटलं तुम्हाला?"

"वाटलं."

"निदान खरं बोललात." वहिनींनी श्वास सोडला. "मी तो प्रश्न तिला विचारला होता वन्सं. पण सासू उशाशी उभी होती. सासू 'नाही' म्हणाली, हिने मान हलवली, मी खूण केली. आपण त्या सासूला बाहेर काढायला हवं होतं, हे मला आत्ता कळतंय."

बाळाला दूध पाजायचं निमित्त करून वहिनींनी शिलाईवालीला शेजारच्या खोलीत नेलं. आजीही उठल्या, तेव्हा मॅडमनी त्यांना त्यांच्या माहेरच्या आजारांविषयी इतक्या आस्थेने विचारायला सुरुवात केली, की त्यांना बसावंच लागलं. भिंगबाई खोलीच्या दाराशी थांबल्या, आत गेल्या नाहीत.

वहिनींनी काही विचारलं नाही. बाळाची मान नीट धरायला मदत केली, तिच्या पाठीशी उशी दिली आणि म्हणाल्या, "पायाला मुंग्या येतात का गं?"

शिलाईवालीने चटकन वर पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आत येताना तू जमीन चाचपत चालत होतीस."

शिलाईवालीने बाळाचं डोकं दंडावर नीट घेतलं.

"सातव्या महिन्यापासून," ती म्हणाली. "मशीनचं पायडल पायाखाली आहे की नाही तेच कळायचं नाही. खाली वाकून बघावं लागायचं. खाल्लेलं पोटात ठरायचं नाही, मळमळायचं. दूध, अंडं, काही नको वाटायचं. चहा आणि बिस्किटांवर दिवस काढले. कळा सुरू झाल्या त्या सकाळी पाय एवढे बधिर झाले की मी घाबरले. कारखान्याच्या कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, तिथला माणूस म्हणाला, ताकदीचं लाल इंजेक्शन देतो, बरं वाटेल. दिलं त्याने. तिथून सरळ इकडे आले."

"मग विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"त्या उभ्या होत्या ना." तिने दाराकडे नजर टाकली आणि भिंगबाईंना पाहून गप्प झाली. वहिनींनी मागे वळूनही पाहिलं नाही. "त्यांची काळजी करू नकोस. त्या कुणावरच विश्वास ठेवत नाहीत, म्हणून कुणाची गोष्ट कुणाला सांगतही नाहीत."

शिलाईवाली किंचित हसली. मग म्हणाली, "सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, हिच्या हातून वस्तू पडतात, हिच्या हाती मूल कसं द्यायचं. मला वाटलं, माझ्या हातापायात काही बिघाड आहे असं कागदावर आलं, तर बाळ माझ्याकडून काढून घेतील. काल फोन आल्यावर तर खात्रीच झाली. घरात सगळे म्हणायला लागले, बदललंय, बदललंय. मी रात्रभर त्याला अंगाशी धरून बसले." तिने बाळाच्या तोंडाकडे पाहिलं. "माझ्या दुधामुळे झालंय का हे?"

"रक्ताला लागणारं जीवनसत्त्व तुझ्यातच नव्हतं, तर दुधात कुठून येणार," वहिनी म्हणाल्या. "तू काही केलेलं नाहीस. आणि यावर औषध आहे."

भिंगबाईंना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी फोनबद्दल माफी मागितली. शिलाईवालीने मान हलवली, पण बाळाला त्यांच्या बाजूने दुसऱ्या बाजूला घेतलं. तेही बरोबरच होतं.

मॅडमनी त्याच दुपारी बाळाला दाखल करून घेतलं. ताजं रक्त काढलं, त्यातही आकडा तळालाच होता. बाळाला लहान मात्रेत तीच लाल इंजेक्शनं सुरू झाली, आईलाही, आणि वर्षानुवर्षं घेतल्या की बी-ट्वेल्व्ह अंगी लागू देत नाहीत म्हणून तिच्या पित्ताच्या गोळ्या बंद करून दुसरा उपाय दिला. आजी प्रत्येक सुईच्या वेळी हजर. औषध लालच का, दुसऱ्या रंगाचं मिळत नाही का, बाटली माझ्यासमोर फोडा, असं चालूच होतं. वहिनींनी प्रत्येक बाटली त्यांच्यासमोर फोडली.

चौथ्या दिवशी सकाळी बाळाने खोलीत शिरणाऱ्या बापाच्या निळ्या गणवेशाकडे मान वळवली. बाप दारातच थांबला. आत यायला तयार होईना, जणू हलला तर ते नजर काढून घेईल. आठव्या दिवशी ते हसलं, आईकडे बघून, तोंडभर. आजी म्हणाल्या, "हसत होतंच ते आधीपासून. तुमचंच लक्ष नव्हतं." मात्र त्याच दिवशी आजींनी सुनेला बाळासकट पलंगावर नीट बसवून तिचे पाय स्वतः चेपले, आणि मधेच विचारलं, "इथे कळतं का? आणि इथे?" सुनेने खरं सांगितलं. काही ठिकाणी कळत होतं, काही ठिकाणी अजून नाही. मॅडम म्हणाल्या होत्या की नसांना वेळ लागेल, बाळाकडेही वर्षभर लक्ष ठेवावं लागेल.

भिंगबाईंना लेखी समज मिळाली. रुग्णांच्या घरी त्यांनी फोन करायचा नाही, असं त्यात ठळक अक्षरात होतं. कागद मॅडमनी वहिनींच्या हातीच खाली पाठवला. वहिनींनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "नऊ वर्षांपूर्वी मला मिळाला होता तो याच रंगाच्या कागदावर होता."

"आठवतो," भिंगबाई म्हणाल्या. "तेव्हा चूक तुमची होती. या वेळी माझी."

"या वेळी अर्धी माझी. खूण मीच केली होती."

वहिनी जायला वळल्या आणि दारात थांबल्या. त्यांच्या मनात दोन दिवस घोळत असलेलं त्यांनी बोलून टाकलं. "वन्सं, ही एक बाई सासूसमोर खोटं बोलली. बाकीच्या एकशे अकरा जणींच्या उशाशी कुणी ना कुणी उभं असणारच की. सासू, आई, नवरा. त्यांचं 'नाही' मीच लिहून घेतलंय."

भिंगबाईंनी कपाटाकडे पाहिलं. खोकी एकावर एक रचलेली होती. आकडे बघून ज्या जोड्या त्यांनी बिनघोर बाजूला ठेवल्या होत्या, त्यांतल्या किती आयांचे आकडे असेच उसने असतील, कोण जाणे.

जुन्या सगळ्या स्लाइडा तपासायला मॅडमनी परवानगी दिली. यापुढे तो प्रश्न बाईला एकटीला विचारायचा, असाही नियम झाला. वहिनी आपल्या सुटीच्या दिवशी, घरचे कपडे घालून, तळमजल्यावर येऊन बसू लागल्या. त्या क्रमांक वाचत आणि स्लाइड पुढे सरकवत, भिंगबाई डोळा लावत आणि म्हणत, ठीक. ठीक. ही पुन्हा द्या. ठीक. पहिल्या दिवशी तीस झाल्या, बोलणं क्रमांकांपुरतंच. दुसऱ्या दिवशी वहिनींनी येताना दोघींसाठी थर्मासमधून चहा आणला. भिंगबाईंनी झाकण उघडून वास घेतला.

"साखर घातलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "बघून घ्या हवं तर."

सत्तेचाळीस क्रमांकाच्या स्लाइडवर भिंगबाई बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी खुर्ची मागे घेतली. "तुम्ही बघा."

वहिनी मायक्रोस्कोपवर वाकल्या. थोराड पेशी त्यांनाही दिसल्या. त्यांनी बोटाने मोजल्यासारखं करत पुटपुटून पाकळ्या मोजल्या. "सहा आहेत. नाही, सात."

कागदावर आईचा आकडा उत्तम होता, इंजेक्शनसमोर 'नाही' होतं, आणि बाळ आता दहा महिन्यांचं असणार होतं. बाळाच्या आकड्याची जागा रिकामी होती, त्या दिवशी नाळेतलं रक्त पुरेसं मिळालं नव्हतं.

वहिनींनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सकाळचे अकरा वाजत होते, मॅडम आपल्या खोलीत असणार. त्यांनी कागद उचलला. "मॅडमना दाखवून येते. आणि फोन मी करते," त्या म्हणाल्या. "काय बोलायचं ते आधी इथे लिहून काढू. तुम्ही सांगा, मी लिहिते. आणि अदलाबदल हा शब्द कुठे येता कामा नये."

भिंगबाईंनी पेन त्यांच्या हातात दिलं आणि खुर्ची जवळ ओढली.